मदत हवी आहे: चितळाचे नर रोज ठरलेल्या वेळीच का भिडतात?

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका बंदिस्त आवारात मी चितळांची देखभाल करतो. तीन मोठे नर, सात माद्या. मोहफुलं गळायला लागली तेव्हापासून दोन नर रोज भिडताहेत. दोघांच्याही शिंगांवरची मखमल (वाढत्या शिंगांवरची मऊ, लवदार कातडी) निघून शिंगं कडक झालीत. तिसऱ्याची अजून मखमलीत आहेत, तो बिचारा लांबच राहतो.

वेळ जवळपास ठरलेली. पहाटे फटफटतं तेव्हा, आणि संध्याकाळी तुरीचं कुटार टाकलं की. भर उन्हात तेच दोघं सावलीत रवंथ करत बसतात. आधी मान खाली, कान मागे, अंगावरचे केस उभे. थोडा वेळ शेजारी-शेजारी ताठ चालतात, मग शिंगात शिंग. परवा एकाच्या मानेला बोटभर जखम झाली, डॉक्टरांना बोलवावं लागलं.

गव्हाण एकच आहे, मला संशय तिचाच. चार ठिकाणी, मध्ये आडोसा करून चारा टाकला तर फरक पडेल का? की माज उतरेपर्यंत एकाला वेगळं ठेवू? कळपातून तोडला तर तो खाणंच सोडेल, ही भीती वाटते. कोणी नर सांभाळले असतील तर कृपया सांगा.