मराठी मेसेज लिहिणारं एआय मॉडेल हिंदीत घसरतंय, आकडे मनानं टाकतंय. काय करावं?

आडतवाला_लातूर:
दुपारी सौदे झाले की आमच्या आडतीवरून तीनेकशे शेतकऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर भाव जातात. आधी मुनीमकाका लिहायचे. आता दुकानातल्याच कॉम्प्युटरवर, लामा.सीपीपीवर (घरच्या मशीनवर भाषेची मॉडेलं चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) एक लहान मॉडेल चालवतोय. लिहितं बरं, पण मधेच 'किसान भाइयों' सुरू होतं. एकदा तर सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5328 चा 6328 करून ठेवला. मी न बघता पाठवला. औशाकडचा एक जण ट्रॅक्टर भरून दारात! त्याला चहा पाजून समजूत घालताना नाकी नऊ आले. मॉडेलला पुन्हा ट्रेनिंग द्यायला ना जीपीयू (त्यासाठी लागणारी ताकदीची चिप), ना पैसा. लॉजिट बायसनं (एखादा तुकडा निवडला जायची शक्यता कमी-जास्त करायची सोय) हिंदीतला 'है' बंदच करून टाकू का?

परभणीकर:
त्या भानगडीत पडू नका राव. बऱ्याच मॉडेलांत देवनागरी शब्द तुकड्यांत, म्हणजे टोकनांत फुटतो. माझ्याकडं 'ह' वेगळा टोकन आणि दोन मात्रा वेगळा. मी त्या दोन मात्रांच्या टोकनला उणे 100 लावलं, म्हणजे बंदच केला. हिंदी गेली, पण 'पैसे'पण लिहिता येईना, सगळीकडं 'पसे'!

मास्तर_अंबाजोगाई:
दुखणी दोन आहेत. भाषेसाठी मुनीमकाकांचे जुने चार-पाच मेसेज जसेच्या तसे प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला द्यायच्या सूचनेत) टाका, टेंपरेचर (शब्द निवडताना किती मोकळीक द्यायची तो आकडा) 0.2 ठेवा. आकड्यांना टेंपरेचर कामाचं नाही. शून्य केलं तरी चुकायचं ते चुकतंच, फक्त दर वेळी तेच चुकतं. तिथं ग्रामर फाइल लावा, म्हणजे मजकूर कोणत्या साच्यात हवा त्याचे नियम. पुढचा टोकन निवडायच्या आधीच नियमात न बसणारे बाद होतात. आजचा भाव स्क्रिप्टनं त्या फाइलमध्ये ठरलेला मजकूर म्हणून घाला, बाकी ओळीत अंकच नकोत. 0 ते 9 आणि ० ते ९, दोन्ही बंद करा.

आडतवाला_लातूर:
मास्तर, केलं. हिंदी जवळपास गेली. अंकही बंद. तर पठ्ठ्यानं अक्षरी लिहिलं, 'साडेसहा हजार'!

मास्तर_अंबाजोगाई:
हाहा. मग भावाच्या ओळी त्याच्याकडं देऊच नका, त्या स्क्रिप्टनंच छापा. त्याला फक्त आवकीवर एक वाक्य लिहू द्या. आणि पाठवायच्या आधी काकांना दाखवा.

आडतवाला_लातूर:
काका बघतात आता. तुरीला अजून मधेच 'अरहर' म्हणतंय, तेवढं राहिलं.

परभणीकर:
मालाची नावंपण ग्रामरमध्येच ठरवून टाका की.