रोजची सवय उत्तरांची लावा

सोशल मीडियावर लोक जोडायचे तर रोज तीन पोस्ट टाका, असा सल्ला दिला जातो, त्यात थोडी भर घालतो. इन्स्टाग्रामने २०१६ मध्येच वेळेनुसार दिसणारी फीड (समोर येणाऱ्या पोस्टची रांग) बदलून आवडीच्या अंदाजाने क्रम लावायला सुरुवात केली. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकनेही लोकांमधल्या संवादाला झुकतं माप द्यायचं जाहीर केलं. त्यामुळे नुसती संख्या वाढवून दमछाकच जास्त होते.

रोज काही करायचंच तर वीसेक मिनिटं कालच्या कमेंटना द्या. नुसत्या 'धन्यवाद'वर थांबू नका, विचारणाऱ्याची अडचण समजून घेऊन नीट उत्तर लिहा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की पुढच्या पोस्टचा विषय आयताच मिळतो. ती टाकल्यावर ज्याने विचारलं होतं त्याला टॅग करा (त्याची हरकत नसेल तर). आपलं ऐकलं गेलं हे कळलेली माणसं टिकतात, आणि पुढे तीच इतरांना उत्तरं देऊ लागतात.

पोस्ट आठवड्याला दोन-तीनही पुरतात, फक्त वार ठरलेले हवेत. चार-पाच आधीच शेड्यूल करून ठेवा, म्हणजे आजारपणातही खंड पडणार नाही. फॉलोअरचा आकडा रोज बघणं मात्र खरंच सोडा. किती जणांनी पोस्ट सेव्ह केली, कोण परत येऊन बोललं, एवढं महिन्यातून एकदा पाहिलं तरी चालतं.