मदत हवी: जुन्या ट्रॅक्टरचा दुसरा गिअर चढावर सुटतो, न्यूट्रलला घरघर येते

दारव्हा_रोड
ट्रॅक्टर ३५ एचपीचा, तीन सिलेंडर, तीस वर्षं जुना. ८ पुढचे, २ मागचे गिअर, स्लायडिंग मेश (गिअरच सरकवून दात भिडवायची जुनी पद्धत), सिंगल क्लच. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला ऑइल एकच.

भरलेली ट्रॉली घेऊन चढ चढताना दुसरा गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. सपाटीवर, रिकाम्या ट्रॉलीला काही नाही. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय पेडलवर नाही, तेव्हा घरघर येते. पेडल दाबलं की बंद. आणि रोटाव्हेटर तास-दोन तास चालला की रिव्हर्स करकर करत पडतो. मिस्त्री म्हणतो, मधून खोला आणि सगळा गिअर सेट बदला. मृग तोंडावर आहे. खोलण्याआधी काय तपासता येईल? सध्या लिव्हर ट्यूबच्या पट्ट्याने ओढून बांधला आहे.

वणीकर
पट्टा आजच सोडा. गिअर फिरत असताना फोर्क (गिअर सरकवणारा आतला काटा) एकाच बाजूने त्यावर दाबून राहतो आणि घासून पातळ होतो. मग गिअर जास्तच सुटतो. शिवाय भरल्या ट्रॉलीने उतारावर गिअर निसटला तर इंजिनचा धाक राहत नाही, सगळा भार ब्रेकवर. दुरुस्तीपर्यंत चढ-उताराच्या रस्त्याला भरलेली ट्रॉली लावू नका.

आता तीन गोष्टी पाहून सांगा. सुटताना नेमका कोणता लिव्हर हलतो, मेन की हाय-लो (जलद-संथ निवडायचा दुसरा लिव्हर)? सहावा (म्हणजे हायचा दुसरा) सुद्धा सुटतो का? आणि ओढताना सुटतो की अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर? पुष्कळदा हाय-लो निसटलेला असतो आणि माणूस मेन गिअरला दोष देत बसतो.

दारव्हा_रोड
मेनच हलतो. सहावाही सुटतो, पण कमी. फक्त ओढताना. बाकी गिअर ठीक.

वणीकर
म्हणजे हाय-लो सुटला यादीतून. दुसरा आणि सहावा एकाच जोडीच्या दातांवर चालतात, त्यामुळे दोष त्या जोडीत, तिच्या फोर्कमध्ये किंवा तो ज्यावर बसतो त्या रॉडमध्ये, नाहीतर शाफ्टच्या बेअरिंगमध्ये. आधी बेल हाउसिंगचे (इंजिन-गिअरबॉक्समधलं क्लचवरचं कवच) बोल्ट पाना लावून पाहा. ते ढिले असले तर इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत राहत नाहीत, तेवढ्यानेही गिअर सुटतो.

मग वरचं कव्हर काढा. त्याआधी ब्रश आणि डिझेलने आजूबाजूची काळी माती पूर्ण धुऊन घ्या, ती आत पडली तर नवं काम निघेल. काही मॉडेलला स्टिअरिंग बॉक्स उचलावा लागतो. लिव्हर न्यूट्रलला ठेवूनच कव्हर काढायचं. पॉपेटची (रॉडच्या खाचेत बसून गिअर जागेवर धरणारी) गोळी आणि स्प्रिंग काढताना वर फडकं धरा, स्प्रिंग उडून गवतात गेली की सापडत नाही.

सगळ्या स्प्रिंग एका रांगेत उभ्या करा. एखादी ठेंगणी दिसली तर ती बसलेली आहे. रॉडवर गोळी बसते त्या खाचेची कड नखाला अडकली पाहिजे. नख घसरत असेल तर खाच गोल झाली, रॉड बदला. फोर्कचा बोल्ट तारेने बांधलेला असतो, तार तुटून बोल्ट ढिला झाला आहे का पाहा. फोर्कची टोकं नव्या फोर्कशी ताडून बघा. शेवटी बॅटरीच्या उजेडात दुसऱ्या गिअरचे दात: जिथपर्यंत दात भिडतात तिथपर्यंत चकचकीत पट्टा दिसतो. पट्टा दाताच्या अर्ध्यातच संपला तर गिअर पूर्ण आत जात नाही, म्हणजे फोर्क वाकलेला किंवा झिजलेला. दाताचं तोंडच निमुळतं झालं असेल तर स्प्रिंग बदलून उपयोग नाही, जोडी बदलावी लागेल.

काळी_माती
वणीकर भाऊ, तुम्ही घरघरीकडे दुर्लक्ष केलं. क्लच सोडलेला असताना येते आणि दाबल्यावर जाते, म्हणजे क्लच शाफ्ट (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येतो तो) किंवा ले शाफ्टचं (त्याच्यावर फिरणारा जोडीचा शाफ्ट) बेअरिंग. पेडल दाबल्यावर सुरू झाली असती तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचच्या फिंगर, म्हणजे पात्या, दाबतं ते) म्हटलं असतं. फक्त वळताना आली असती तर डिफरन्शिअल. बेअरिंग खाल्लं की भार आल्यावर शाफ्ट एकमेकांपासून सरकतात आणि गिअर बाहेर ढकलला जातो. दोन्ही दुखणी एकच असू शकतात. कव्हर उघडलंच आहे तर इंजिन बंद ठेवून शाफ्टखाली टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच उचला. वर-खाली हललेलं डोळ्याला दिसलं की बेअरिंग गेलं. मग नुसती स्प्रिंग बदलली तर चार ट्रॉल्यांत परत तेच.

ऑइलही बोलतं. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा ड्रेन प्लग सकाळी थोडा ढिला करा; आधी पाणी आलं तर लिव्हरच्या रबरी बूटमधून किंवा धुताना शिरलं आहे. ताकासारखं पांढुरकं झालेलं ऑइल सरळ फेका. चुंबकाच्या प्लगवर राखेसारखा लेप चालतो, सळया-ढलप्या चालत नाहीत. आणि कुणी ‘१४० नंबर (जास्त घट्ट ऑइल) घाला, आवाज जाईल’ म्हटलं तर ऐकू नका. आवाज झाकला जातो, दोष नाही. तुमचं ऑइल कॉमन असल्याने थंडीत हायड्रॉलिक पंपाला ते ओढायला जड जाईल. सेकंडहँड घेतला असेल तर तळात लाकडाचा भुसा आहे का पाहा. आवाज दाबायला विकणारे तोही टाकतात.

वणीकर
घरघरीचं पटलं. रिव्हर्सचं राहिलं. पेडल पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा, मग टाका. तरी करकरला आणि इंजिन बंद केल्यावर अलगद पडला, तर गिअर नव्हे, क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी चाल) मोजा, बहुतेक मॉडेलला २० ते ३० मिमी. तुमच्या पुस्तकातला आकडा पक्का धरा. जास्त असेल तर रॉडने जुळवा. बरोबर असूनही गरम झाल्यावर अडत असेल तर पायलट बेअरिंग (क्लच शाफ्टचं इंजिनकडचं टोक धरतं ते), वाकलेली प्लेट किंवा फिंगरची कमी-जास्त उंची, हे खोलल्याशिवाय दिसत नाही. बेल हाउसिंगखालच्या भोकातली कॉटर पिन हलवा: काळं ऑइल टपकलं तर इंजिनचं मागचं सील, उग्र वासाचं घट्ट ऑइल आलं तर क्लच शाफ्टचं सील.

दारव्हा_रोड
कव्हर उघडलं. दुसऱ्या गिअरची स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा आखूड, फोर्क एका बाजूने घासलेला. दात बरे आहेत, पट्टा मात्र अर्धा. ले शाफ्ट टॉमीने स्पष्ट हलतो. प्लगवर दोन-तीन ढलप्या. भोकातून काही टपकलं नाही.

काळी_माती
म्हणजे खोलावं लागेल, पण गिअर सेट नको. मिस्त्रीला सांगा: बेअरिंग दोन्ही शाफ्टची, सील, एक फोर्क, सगळ्या पॉपेट स्प्रिंग. उघडलंच आहे तर क्लच प्लेट, रिलीज आणि पायलट बेअरिंग पाहूनच जोडा, नाहीतर त्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी.

खोलण्याआधी पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. पुढचा भाग मधल्या पिनवर झुलतो, पाचर नसेल तर वेगळा होताना कलंडतो. मागच्या चाकांना ठोकळे, गिअरबॉक्सखाली पक्के स्टँड. जॅकच्या भरवशावर खाली घुसू नका. ढलप्या निघाल्यात म्हणून तळ आणि हायड्रॉलिकची जाळी धुवा.

जोडताना दोन रॉडच्या मधली इंटरलॉक पिन विसरली जाते. ती नसली तर दोन गिअर एकदम पडून गिअरबॉक्स अडकतो. कव्हर बसवल्यावर इंजिन बंद ठेवूनच मागचं एक चाक उचला, दुसऱ्याला ठोकळे राहू द्या, आणि उचललेलं चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाकून पाहा. मगच ऑइल भरा.