कार्सनचं 'द एन्ड ऑफ प्रिंट': पुस्तक की जाडजूड व्हिजिटिंग कार्ड?

उजवं पान :
दिवाळीआधी कपाट आवरताना डेव्हिड कार्सनचं 'द एन्ड ऑफ प्रिंट' हाताला लागलं. २००३ साली मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर साडेतीनशेला घेतलं होतं, तेही पाऊण तास घासाघीस करून. मी तेव्हा अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्गात हे पुस्तक पोथीसारखं घरोघरी फिरलं आणि परत आलं तेव्हा बांधणी खिळखिळी झाली होती.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. कार्सन अमेरिकन ग्राफिक डिझायनर, लाटांवर सर्फिंग करणारा, शिकला समाजशास्त्र, नोकरी शाळामास्तरची. डिझाइनचं शिक्षण म्हणावं तर काही आठवड्यांच्या दोन कार्यशाळा. 'बीच कल्चर' नावाचं नियतकालिक त्याने सजवलं, ते सहा अंकांत आटोपलं. मग १९९२ पासून 'रे गन' हे संगीताचं मासिक. तिथे त्याने अक्षरांचा जो धुमाकूळ घातला त्याचा हा संग्रह, १९९५ चा. मजकूर लुईस ब्लॅकवेलचा, प्रस्तावना डेव्हिड बर्न या गायकाची. पुस्तक अफाट खपलं.

परवा सलग पाहिलं आणि वैतागलो. हा बाबा सांगतो काय, तर मी आधी लेख वाचतो, गाणी ऐकतो आणि मांडणी त्यातून सुचते. बरं. मग इथे मासिकाची दोन-दोन पानं एवढीशी करून छापल्यावर आतला लेख वाचणार कसा? आणि लेखच वाचता येत नसेल तर मांडणी त्याला शोभते की नाही हे मी ठरवू कसा? उरतं काय, तर भन्नाट दिसणारी पानं. त्याच्या दाव्याचा पुरावा त्याच्याच पुस्तकातून गायब आहे. नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला मात्र झकास.

शिरोरेषा :
अहो, चित्रकाराच्या पुस्तकात भिंतीएवढं चित्र तळहाताएवढं छापतात, तेव्हा कुणी ओरडत नाही. डिझायनरच्याच वेळी का?

आणि सगळंच काही नुसतं दिसणं नाही. 'बीच कल्चर'मध्ये एका अंध सर्फरवर लेख होता. सुरुवातीची दोन्ही पानं पूर्ण काळी. बास. हे कळायला मला लेख वाचावा लागला नाही, आकारही आड आला नाही. पान उलटलं आणि पोटात खड्डा पडला. लेखाचा विषय याहून थेट कसा दाखवणार?

उजवं पान :
'अंध सर्फर' हे दोन शब्द कुणीतरी वाचता येतील असे छापले, म्हणून तुमच्या पोटात खड्डा पडला. नाहीतर माझ्यासारख्याला वाटलं असतं, प्रेसवाल्याने शाई सांडली.

शिरोरेषा :
हे मान्य. पण मग भांडण काळ्या पानाशी नाही ना?

अर्धविराम :
माझं आहे. मी पंधरा वर्षं वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या डेस्कवर काढलीत, त्यामुळे मला त्या ब्रायन फेरी प्रकरणाचा राग अजून आहे. १९९४ ची गोष्ट. 'रॉक्सी म्युझिक' या बँडच्या गायकाची, फेरीची मुलाखत आली. कार्सनला ती कंटाळवाणी वाटली, म्हणून गड्याने अख्खी मुलाखत झाफ डिंगबॅट्समध्ये लावली. म्हणजे अक्षरांच्या जागी चांदण्या, फुलं, चौकोन, त्रिकोण. आणि असंच छापलं!

डिझाइनच्या वर्गात हा किस्सा कौतुकाने सांगतात. मला त्यात फक्त तो मुलाखत घेणारा दिसतो. वेळ मागितली असेल, प्रश्न काढले असतील, टेप ऐकून ऐकून उतरवलं असेल. मुलाखत बोअर असेल तर संपादकाने परत पाठवावी, कापावी, तो त्याचा हक्क. पान लावणाऱ्याला हा अधिकार कुणी दिला? आणि पुढे कीर्ती कुणाची झाली? मुलाखत कुणी घेतली होती, सांगा बरं पटकन.

शिरोरेषा :
नाव नाही आठवत, प्रामाणिकपणे. पण अर्धी गोष्ट सांगू नका. त्याच अंकात शेवटी पूर्ण मुलाखत साध्या वाचनीय टाइपात दिली होती. ज्याला वाचायची त्याने वाचली.

अर्धविराम :
म्हणजे शेवटी वाचायला साधा टाइपच लागला. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे.

कळफलक :
एक तांत्रिक गंमत सांगतो. झाफ डिंगबॅट्स हा फॉन्ट आहे, त्यामुळे मुलाखत पुसली गेली नव्हतीच. प्रत्येक अक्षराला एक ठरलेलं चिन्ह. चिकाटी असेल तर पेन्सिल घेऊन अक्षर न् अक्षर परत लावता येईल.

आणि आपण मराठी डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर पानं लावणारे) हे फुकटात भोगत आलोय की. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडा, तो फॉन्ट तिथे नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं. कार्सनने मुद्दाम केलं म्हणून त्याचं पुस्तक निघालं. आम्ही रात्री दोन वाजता फॉन्टची फ्लॉपी शोधत बसायचो.

पुणेरी बाणा :
पुस्तक विकायचं असेल तर सांगा. बांधणी खिळखिळी आहे म्हणालात, त्या हिशेबाने भाव बोला.

चौकट :
जरा मागचं सांगतो, कारण हे भांडण कार्सनपासून सुरू झालेलं नाही. छपाईवर लिहिणाऱ्या बिआट्रिस वॉर्डबाईंनी १९३० साली लंडनमध्ये छपाईवाल्यांपुढे भाषण दिलं होतं. त्यांचा दाखला असा: सोन्याचा नक्षीदार चषक आणि पातळ, पारदर्शक काचेचा पेला समोर ठेवला, तर वाइनचा खरा दर्दी काचेचा उचलेल, कारण त्याला आतलं पेय बघायचंय. छपाईही तशीच हवी. आमच्या आजीच्या भाषेत, वाढपी पंगतीत दिसला नाही पाहिजे.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा १९७२ चा तो प्रसिद्ध नकाशा करणारा मास्सिमो विन्येल्ली याच घराण्यातला. मोजक्या टाइपांवर आयुष्य काढलं आणि 'एमिग्रे' या अमेरिकन डिझाइन मासिकवाल्यांच्या अक्षरप्रयोगांना सरळ कचरा म्हणाला. १९९३ मध्ये स्टीव्हन हेलर या समीक्षकाने 'आय' या डिझाइनच्या नियतकालिकात कुरूपतेच्या पंथावर लेख लिहिला. त्याचा रोख मुख्यतः क्रॅनब्रुक या अमेरिकन कलाशाळेच्या विद्यार्थ्यांवर होता, पण त्या वादळात कार्सनही ओढला गेलाच.

आता पुस्तकाविषयी. स्वतःच्या कामाचा ग्रंथ काढून मोठं होणं ही कार्सनची करणी नव्हे. ब्रिटिश डिझायनर नेव्हिल ब्रॉडीचं पुस्तक १९८८ मध्येच आलं होतं, सोबत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्रदर्शन. ब्रॉडी तेव्हा तिशीत. त्याच्या 'द फेस' मासिकाच्या नकला जगभर सुरू झाल्या, त्याला स्वतःला वीट आला इतक्या. उजवं पान म्हणतात तो दोष तिथेही आहे: पुस्तकातून लोक दिसणं तेवढं उचलतात, त्यामागचं कारण तिथेच राहतं. तेव्हा एकट्या कार्सनला का झोडपायचं?

उजवं पान :
एकट्याला झोडपतोय कारण माझ्याकडे एकट्याचंच पुस्तक आहे. ब्रॉडीचं पाठवा, त्यालाही घेतो.

पण तुमचा शेवटचा मुद्दा लागू पडला, आणि तो मलाच टोचतोय. तिसऱ्या वर्षाला मी एका एकांकिका स्पर्धेचं पोस्टर केलं. अक्षरं फाडली, झेरॉक्सवर झेरॉक्स काढून खरवडली, तारीख उलटी लावली. सरांनी विचारलं, "हे असं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात तसं होतं, हेच खरं कारण होतं. कार्सनकडे निदान लाटा होत्या, ते संगीत होतं.

शिरोरेषा :
मग दोष पुस्तकाचा की तुमचा? :)

तुम्ही सगळे हे पुस्तक म्हणजे पुरावा असल्यासारखं तपासताय. मला ते 'रे गन'चा आणखी एक अंक वाटतं. दोन स्तंभांमधली मोकळी पट्टीच काढून टाकायची, मग डावीकडची ओळ थेट उजवीकडच्या ओळीवर जाऊन आदळते आणि डोळा अडखळतो. त्या अडखळण्यात मजा आहे. कार्सनचं वाक्य आहेच: अक्षरं वाचता आली म्हणजे पोचली असं समजू नका. नेटका, सुवाच्य आणि मेलेला मजकूर आपण रोज बघतो, सोसायटीच्या नोटीसबोर्डावर.

आणि ही एक किंवा दुसरी अशी निवड नसतेच. आपले सुलेखनकार र. कृ. जोशी बघा. अक्षरांना त्यांनी चित्रासारखं नाचवलं, आणि त्याच माणसाने मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा फॉन्ट केला. त्यात आपण आजही सरकारी अर्ज भरतो.

अर्धविराम :
रकृंचं नाव घेतलंत म्हणून गप्प बसतो. पण रकृंनी दुसऱ्याच्या मुलाखतीवर चांदण्या छापल्या नव्हत्या.

जुना खिळा :
मी सांगलीकडचा. आधी हाताने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, ट्रेडल या पायाने चालवायच्या यंत्रावर छापलं, मग डीटीपी टाकलं. इंग्रजी पुस्तकाचं मला काही सांगता येणार नाही, पण त्याचा प्रसाद आमच्यापर्यंत आला होता तो सांगतो.

१९९८ ला आमच्याकडे एक पोरगा ऑपरेटर होता, मुंबईत सहा महिने शिकून आलेला. हात चांगला होता त्याचा. त्याने एका लग्नपत्रिकेत अशीच करामत केली. इंग्रजीत अक्षर मोडा, तोडा, निम्मं कापा, चालून जातं. आपल्याकडे शिरोरेषा आहे. ती डावीकडे कापली की घ चा ध वाटतो, म चा भ वाटतो. पठ्ठ्याने सगळ्या पत्रिकेची शिरोरेषा मधे मधे कापली, फॅशन म्हणून. मुलीचे मामा झाले 'भाभा'. मुहूर्त बारा सदतीसचा होता, तो उभा करून गणपतीच्या सोंडेशेजारी नक्षीत मिसळला.

प्रूफ मुलीच्या वडलांनी स्वतः पास केलं. "नवीन काहीतरी आहे," म्हणाले. पाचशे छापल्या. चार दिवसांत पाहुण्यांचे फोन, लग्न किती वाजता? मग मी, तो पोरगा आणि मुलीचा भाऊ असे तिघं बसलो आणि पाचशे पत्रिकांवर लाल पेनाने मुहूर्त लिहिला. भाभांचं काही करता आलं नाही.

एवढं मात्र खरं, की त्या वर्षी गावात दुसरी कुठलीच पत्रिका लोकांच्या लक्षात राहिली नाही. पुढे चार गिऱ्हाइकं "तसली" पत्रिका मागायला आली. मी म्हटलं करू, पण मुहूर्त ठळक.

शिरोरेषा :
काका, हे भारी आहे! त्या पोराने शिरोरेषा कापली हे वाचून माझ्या नावावर घाव पडला, पण एक प्रत शिल्लक असेल तर फोटो टाका ना. लाल पेनवाली.

कळफलक :
+१. आणि तो पोरगा सध्या काय करतो?

जुना खिळा :
कोल्हापुरात त्याचा फ्लेक्सचा धंदा आहे, जोरात चाललाय. भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे बोर्ड करतो. त्यात मात्र नाव लांबूनही वाचता आलंच पाहिजे, नाहीतर पैसे मिळत नाहीत.

लाल पेनाच्या सगळ्या वाटल्या गेल्या. पास केलेलं प्रूफ जपून ठेवलंय, उद्या उजेडात फोटो काढतो. मुहूर्त तुम्हीच शोधा.