सर्व्हरवरचा व्हॉल्यूम (डिस्कवरचा डेटाचा भाग) फार स्लो, एसएसडी कॅशे लावू का?

म्हापसेकर_स्टुडिओ: नमस्कार मंडळी, म्हापशात आमचा फोटो स्टुडिओ आहे, लिनक्सवर छोटा सर्व्हर, ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क मिरर करून (दोन्हीवर तोच डेटा) त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी लिनक्सची सोय) आणि सांबा शेअर (नेटवर्कवरून फोल्डर उघडायला). तुळशीचं लग्न झालं की लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि एका लग्नाचा ३००० फोटोंचा फोल्डर उघडला की डिस्क नुसती कर्र कर्र करते, थंबनेल एकेक करून येतात, समोर नवरीकडची माणसं अल्बम निवडायला बसलेली असतात आणि मला फार अवघडल्यासारखं होतं. घरात ५०० जीबीची एसएसडी पडून आहे. ती कॅशे म्हणून, म्हणजे सतत लागणाऱ्या डेटाची जवळची फास्ट प्रत ठेवायला, लावली तर फरक पडेल का, डेटाला धोका तर नाही ना?

डिचोलीकर: फरक पडेल, पण कुठे ते समजून घे. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी ८ मिलिसेकंदांची, हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी गेली, वर हेड सरकायला आणखी आठेक मिलिसेकंद, मग सेकंदाला शंभरेक रँडम रीडच्या (इकडचं तिकडचं विखुरलेलं वाचणं) वर ती जाणार कशी? थंबनेल म्हणजे नेमकं तेच काम. एसएसडीत फिरणारं काही नाही, ती हजारोंनी देते. पण मोठा व्हिडिओ सलग वाचायचा असेल तर हार्डडिस्कही ठीक चालते, तिथे कॅशेची अपेक्षा ठेवू नकोस. आधी आयोस्टॅट (डिस्क किती बिझी आहे ते दाखवणारी कमांड) लावून डिस्क खरंच १०० टक्के बिझी असते का ते बघ, नेटवर्क स्लो असेल तर एसएसडी काय करणार.

फोंड्याचा_अ‍ॅडमिन: एलव्हीएम आहे तर डीएम-कॅशे वापर, हार्डडिस्कला एसएसडीचा कॅशे जोडणारी ही सोय २०१३ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यात) आहे. एसएसडी त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएममधला डिस्कचा गट) घे, तिच्यावर छोटा व्हॉल्यूम काढ आणि एलव्हीकन्व्हर्ट कमांडने जोड, सर्व्हर बंद करायची गरज नाही. मोड मात्र राइटथ्रूच ठेव, म्हणजे लिहिलेलं लगेच हार्डडिस्कवरही जातं, हे कळकळीने सांगतो. राइटबॅकमध्ये लिहिलेलं आधी एसएसडीवरच राहतं, एसएसडी गेली तर तेवढे फोटो गेले, मिरर असून उपयोग नाही. पावसात आपल्याकडे लाईट कशी जाते माहीतच आहे, आणि साध्या एसएसडीला अचानक करंट गेल्यावर डेटा सांभाळायची सोय बहुतेक नसते. राइटथ्रूत लिहिणं फास्ट होणार नाही पण डेटा हार्डडिस्कवर असतोच. यूपीएस हवाच, आणि बॅकअप वेगळा, कॅशे म्हणजे बॅकअप नव्हे.

म्हापसेकर_स्टुडिओ: देव बरें करूं दादा! आयोस्टॅटमध्ये डिस्क सतत ९८-९९ टक्के. काल रात्री राइटथ्रूमध्ये जोडली, पण सकाळी फोल्डर उघडला तर काहीच फरक नाही, चुकलं का माझं?

फोंड्याचा_अ‍ॅडमिन: चुकलं नाही रे, कॅशे पहिल्या दिवशी रिकामाच असतो, जो भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो तोच एसएसडीवर जातो. दोन-चार दिवस कामाचे फोल्डर नेहमीसारखे वापर, मग एलव्हीएस कमांडमध्ये रीड हिट (कॅशेत सापडलेलं) आणि मिस (न सापडलेलं) बघ, हिट वाढताना दिसतील.

म्हापसेकर_स्टुडिओ: आज पाचवा दिवस. चालू लग्नाचा फोल्डर भराभर उघडतो, कर्र आवाज जवळजवळ बंद. जुन्या लग्नांचे फोल्डर पहिल्यांदा उघडताना अजून स्लोच, ते आता कळलं. उद्या यूपीएसची बॅटरी बदलून घेतो.