वीजबचत सवयींनी होते की यंत्रांच्या निवडीने?

अक्षांश (चर्चाप्रस्ताव)

ऊर्जाबचतीचा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी तेच उपदेश येतात: खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवा, चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा, टीव्ही मुख्य बटणावरून बंद करा. यांत चूक काही नाही. पण कशाने किती फरक पडतो याचा अंदाज त्यांच्यामुळे पार उलटापालटा झाला आहे, असे माझे मत आहे. फोन न जोडता सॉकेटमध्ये राहिलेला आजचा चांगला चार्जर साधारण ०.१ वॅट वीज घेतो, म्हणजे वर्षभरात एक युनिटही नाही. याउलट १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.४४ युनिट लागतात. दोन वेळच्या आंघोळीच्या पाण्यात चार्जरची वर्षभराची वीज संपते, तरीही घरात चार्जरबद्दल जितके बोलले जाते तितके गीझरबद्दल बोलले जात नाही.

जी बचत रोज मनावर घ्यावी लागते ती टिकत नाही. टिकणारी बचत एकदाच ठरते: यंत्र विकत घेताना, ते बसवताना, इमारत बांधताना. तारेच्या ६० वॅटच्या बल्बाइतका प्रकाश ८ ते १० वॅटचा एलईडी देतो. म्हणजे कोणी तो जुना बल्ब कटाक्षाने निम्मा वेळ बंद ठेवला, तरी अखंड चालू राहिलेल्या एलईडीच्या तिप्पट वीज त्याला लागेल. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घरगुती फ्रीज वर्षाला जितकी वीज घेत, तिच्या साधारण चौथ्या हिश्शात आजचे, त्यांच्याहून मोठे फ्रीज चालतात. त्यासाठी कोणत्याही कुटुंबाला सवय बदलावी लागली नाही. उत्पादकांना कार्यक्षमतेचे मानक पाळावे लागले, एवढेच. म्हणून प्रबोधनावरचा भर कमी करून तो मानकांकडे आणि खरेदीच्या निर्णयाकडे वळवावा, असे मला वाटते. विरोधी मते अवश्य मांडावीत.

कवडसा

बल्बाचे उदाहरण बिनतोड आहे, परंतु आपण ते सोयीचे निवडले आहे. दिवा चालू असतो किंवा बंद असतो. वातानुकूलन यंत्राचे तसे नाही. बाहेर ३६ अंश तापमान असताना आत २६ अंश ठेवले तर फरक १० अंशांचा, २२ ठेवले तर १४ अंशांचा. भिंती आणि खिडक्यांमधून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती तब्बल ४० टक्क्यांनी जास्त होते आणि ती सगळी यंत्राला पुन्हा बाहेर फेकावी लागते. हा चार अंशांचा निर्णय कोणतेही मानक घेत नाही, तो रिमोट हातात असलेली व्यक्ती घेते. फिल्टर धुतला आहे का, दुपारी पडदे ओढले आहेत का, रिकाम्या खोलीत यंत्र चालू आहे का, हे सगळे सवयींचेच प्रश्न आहेत.

दुसरे असे की आपला मार्ग ज्याच्या हाती आज भांडवल आहे त्याच्यासाठीच खुला आहे. जुने यंत्र आणखी काही वर्षे वापरण्यावाचून ज्यांना गत्यंतर नाही, त्यांना सवयींखेरीज दुसरे कोणते साधन आपण सुचवाल?

कार्यशाळा

आपण दोघेही घरापुरते बोलत आहात, म्हणून व्यवसायाची बाजू थोडी विस्ताराने मांडतो. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वीज मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणांत जाते: पंप, पंखे, कॉम्प्रेसर, वाहक पट्टे. तिथे सवय आणि खरेदी या दोहोंइतकाच, किंबहुना अधिक, मोजमाप आणि देखभाल यांना अर्थ आहे.

एअर कॉम्प्रेसरचेच, म्हणजे हवा दाबून ती अवजारांना पुरवणाऱ्या यंत्राचेच घ्या. त्याला दिलेल्या विजेचा जेमतेम दहावा हिस्सा हवेच्या अवजाराच्या टोकाला काम म्हणून हाती लागतो, बाकीची बहुतांश उष्णता होऊन जाते. इतकी महाग पडणारी ही हवा, देखभाल नसलेल्या कारखान्यात २० ते ३० टक्के नुसती सांध्यांतून आणि होसपाइपांतून गळून जाते. विजेच्या तारेतली गळती झटका देते, पाण्याची गळती जमीन ओली करते. हवेची गळती मात्र यंत्रांच्या आवाजात कुणाच्या लक्षातही येत नाही. मग ‘दाब कमी पडतो’ अशी तक्रार येते आणि कोणीतरी दाब वाढवतो. सात बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास दाब एका बारने वाढवला की वीज सुमारे सात टक्के जास्त लागते, शिवाय वाढलेल्या दाबाने गळतीही वाढते. अशा ठिकाणी अधिक कार्यक्षम नवा कॉम्प्रेसर बसवणे म्हणजे गळक्या पाइपांना उत्तम यंत्राने हवा पुरवणे होय. अक्षांश, आपला खरेदीवरचा विश्वास मला इथे धोक्याचा वाटतो, कारण नव्या यंत्राने बिल थोडे उतरते आणि मूळ दोष त्याखाली झाकला जातो.

पंख्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या बाजूने जाते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती साधारण ५१ टक्क्यांवर येते. तरीही असंख्य ठिकाणी मोटर पूर्ण वेगाने फिरवून हवेचा प्रवाह झडपेने अडवला जातो; एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून गाडी चालवण्यासारखेच ते आहे. वेग नियंत्रित करणारा ड्राइव्ह बसवला की हा अपव्यय थांबतो.

मितभाषी

या सगळ्या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे वाचलेली ऊर्जा वाचलेलीच राहते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेचे इंजिन जसजसे कार्यक्षम झाले तसतसा ब्रिटनमधला कोळशाचा वापर वाढत गेला, कारण वाफेची शक्ती स्वस्त होताच ती नव्या कामांना परवडू लागली. एलईडी आल्यावर इमारतींचे दर्शनी भाग आणि जाहिरातींचे फलक रात्रभर उजळू लागले, हे आपण सगळे पाहतो. वापरावर मर्यादा घातल्याशिवाय कार्यक्षमता ही वापरवाढीची वाट ठरते, आणि मर्यादा ही शेवटी संयमाचीच बाब आहे.

अक्षांश

मितभाषी, जेव्हन्स यांचे निरीक्षण उद्योगाच्या वाढीच्या काळातले होते आणि त्या काळापुरते ते खरे होते. घरात मात्र गरजेला सीमा असते. फ्रीज स्वस्तात चालतो म्हणून कोणी अन्न दुप्पट थंड करत नाही, आणि गीझर सुधारला म्हणून कोणी दुप्पट वेळा आंघोळ करत नाही. बचतीचा काही भाग वाढीव वापरात परत जातो, हे मी नाकारत नाही. पण काही भाग गेला म्हणून संपूर्ण बचत निष्फळ ठरवणे मला अमान्य आहे.

कवडसा, ज्यांच्याकडे भांडवल नाही त्यांच्यासाठीच मानके अधिक गरजेची आहेत. बाजारातले सर्वांत स्वस्त यंत्रही कार्यक्षम असावे लागले, तर बिलाचा भार त्यांच्यावर आयुष्यभर पडत नाही. नुसत्या सवयींचा आग्रह धरताना आपण सर्वांत वाईट यंत्र नशिबी आलेल्या माणसालाच सर्वांत जास्त काटकसर करायला सांगतो. हे मला न्याय्य वाटत नाही.

ओसरी

निवड निर्णायक आहे हे मान्य केले, तरी निवड करतो कोण? भाड्याच्या घरात किंवा कार्यालयात गीझर, खिडक्यांच्या काचा, छताचे उष्णतारोधन हे सगळे मालक ठरवतो आणि बिल भाडेकरू भरतो. मालकाला जास्त खर्च करण्याचे कारण नाही. भाडेकरूला दुसऱ्याच्या भिंतीत पैसे घालायचे नाहीत. प्रस्तावात या पेचाचा उल्लेखही नाही. यंत्रांची मानके इथे अर्धेच काम करतात, कारण इमारतीचे कवच, म्हणजे भिंती, खिडक्या आणि छत, यंत्र म्हणून विकले जात नाही. घर भाड्याने देण्यापूर्वी त्याची ऊर्जाश्रेणी जाहीर करण्याचे बंधन हवे, आणि युरोपीय संघात तसे बंधन आहे.

कार्यशाळा

एक दुरुस्ती जोडतो, म्हणजे माझ्या आधीच्या प्रतिसादाचा कोणी सरसकट अर्थ घेणार नाही. घनाचा नियम पंख्यांना आणि केवळ पाइपातल्या घर्षणावर मात करणाऱ्या पंपांना चांगला लागू पडतो. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र ती उंची वेग कितीही घटवला तरी गाठावीच लागते, त्यामुळे तिथे ड्राइव्ह बसवून तेवढी बचत होत नाही, कधीकधी मुळीच होत नाही. विक्रेते हा फरक क्वचितच सांगतात. म्हणून खरेदीपूर्वी मोजणी हवी, असा माझा आग्रह आहे.

ही मोजणी खर्चिक नाही. सुटीच्या दिवशी, उत्पादन पूर्ण बंद असताना, मुख्य मीटरची नोंद सकाळी आणि संध्याकाळी घ्यावी. शीतगृह किंवा सर्व्हरसारखी जी यंत्रणा चालूच ठेवावी लागते, तिचा वापर त्यातून वजा करावा. उरलेल्या प्रत्येक युनिटसाठी कोणते यंत्र जबाबदार आहे, हे एकेक जोडणी बंद करून शोधता येते. नवीन काय घ्यायचे आणि कोणाला कोणती सवय लावायची, याची चर्चा तो आकडा हाती आल्यावर करावी.