कॉलेजच्या ग्रीन क्लबमध्ये पोरांच्या हातात खरं काम कसं येईल?

प्रश्न: नदीकाठ
नमस्कार, मी एसवायबीएस्सीला आहे, सातारा जिल्ह्यात. आमचा ग्रीन क्लब म्हणजे ५ जूनला झाडं लावायची, बॅनर धरून फोटो काढायचा, तो नॅकच्या (कॉलेजला दर्जा देणारी संस्था) फाइलला लागतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नसल्यामुळे निम्मी रोपं वाळतात. आम्हाला कँटीनचा ओला कचरा आणि लाइटबिलावर काम करायचंय, पण विषय काढला की क्लबचे सर म्हणतात, "तुम्ही पोस्टर बनवा, बाकीचं आम्ही बघतो". सरांशी भांडायचं नाहीये, माणूस चांगला आहे. कोणी जमवलंय का हे?

उत्तर: रासेयोवाले सर
बाळा, सीडीसीपर्यंत, म्हणजे महाविद्यालय विकास समितीपर्यंत जा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे या समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात, वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात आणि बजेटची शिफारस तिथूनच जाते. तुमच्या प्रतिनिधीला गाठा, एका पानाचा प्रस्ताव द्या, तो अजेंड्यावर येऊ दे. आयक्यूएसीवर (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) पण विद्यार्थी प्रतिनिधी असतो. बैठकीत बसल्याशिवाय पोरं फक्त राबायलाच राहतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

उत्तर: वायरमन७
लाइटबिलासाठी आधी ऑफिसमधून वर्षभराची बिलं मागा. मग पंखे मोजा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास, म्हणजे १०० पंखे रोज ६ तास धरले तर दिवसाला २७ युनिट वाचतात. प्राचार्यांसमोर हा हिशोब ठेवा, पोस्टरपेक्षा लवकर पटतो.

उत्तर: खतवाली ताई
अरे कचऱ्याचं करणार असशील तर पहिलं कँटीनच्या मावशींशी बोल, वेगळं काढायचं त्यांनाच आहे. आमच्या कॉलेजात आधी न विचारताच खत करायचं पिंप आणलं, त्यात उरलेली आमटी, तेलकट भाजी सगळं पडलं आणि चौथ्या दिवशी खालून काळं पाणी आलं, वास थेट लायब्ररीपर्यंत. मग मावशींनीच सांगितलं की चहाचा चोथा, कांदा-बटाट्याची सालं वेगळ्या बादलीत देते, आमटीचं तुमचं तुम्ही बघा. ओल्याच्या दुप्पट सुका पाला टाकायचा, दोन-तीन दिवसांनी हलवायचं, वास येत नाही. आणि तो पाला मार्चमध्ये ग्राउंडवर जाळतात ना, तो आधी थांबवा!! सुट्टीतल्या पाण्याचं होस्टेलच्या किंवा गावातल्याच पोरांकडे द्या, पाळ्या लावून.

नदीकाठ
थँक्यू सर, ताई, दादा. प्रतिनिधी आमच्याच वर्गातली आहे, सोमवारी तिच्याशी बोलतो. बिलं मागायला अर्ज प्राचार्यांच्या नावे करायचा की ऑफिस सुपरिंटेंडंटच्या?

रासेयोवाले सर
प्राचार्यांच्या नावे कर, आवक नंबर घे.